अहमा थांबत नव्हता

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी बेव्हचा फोन आला. बेव्ह माझी वहिनी, माझ्या थोरल्या भावाची, रेनोची बायको.

"कार्लीन, तुझ्या भावाला तारा जोडता येईनात," ती म्हणाली. "आणि मला तो हात लावू देत नाही. मी जोडलेलं म्हणे विणकामासारखं दिसतं. तू ये."

मला वाटलं ती थट्टा करतेय. रेनोनं आमच्या गावच्या, एव्हलेथच्या लोखंडाच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं लेथ चालवली होती. केसाच्या जाडीचा फरक तो बोटानं ओळखायचा. आणि निवृत्त व्हायच्या कितीतरी आधीपासून, गेली नऊ वर्षं, तो घरच्या गॅरेजमध्ये लढणारे रोबो बनवत होता. तीस पौंडांच्या आतले. पुढे पोलादी चकती, मिनिटाला हजारो फेरे घेणारी, समोरच्याचं चाक उपटून छतापर्यंत फेकणारी. हिवाळ्यात आमच्याकडे लोक बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतात, रेनो रोबो बनवत बसायचा. त्याच्या मते दोन्ही सारखंच वेडेपण होतं, फक्त त्याच्या वेडात पाय गोठत नव्हते.

मी गेले तेव्हा तो बाकावर वाकून बसला होता. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं होतं आणि उजव्या हातातली तारा डाखायची तापलेली सळई तरीही थरथरत होती. मला बघून त्यानं ती खाली ठेवली.

"बेव्हनं बोलावलं?"

"हो."

"तिच्या पोटात काही राहत नाही."

बेव्ह कॉफी घेऊन आली. माझा कप काठोकाठ भरलेला होता, त्याचा अर्धाच. मी त्या अर्ध्या कपाकडे बघत राहिले आणि मग कुणी काही सांगायची गरज उरली नाही. कंपवात. दुलुथच्या डॉक्टरनं वर्षापूर्वीच सांगितलं होतं. वर्षभर दोघांनी माझ्यापासून लपवलं, आणि मी चार गल्ल्या सोडून राहते.

"खाणीत कुणाला बोलू नकोस," रेनो म्हणाला. "लोक दारात पाय घेऊन येतील आणि हळू आवाजात बोलतील. मला सोसणार नाही."

"पाय घेऊन नाही येणार तर काय हातांवर चालत येणार?"

"खाण्याचा पाय. आजाऱ्याच्या घरी नेतात तो. पारीत मांस भरून भाजलेला."

तो हसला नाही, पण सळई माझ्या हातात दिली.

त्या दिवसापासून काम असं चाललं की डोकं त्याचं आणि हात माझे. मी खाणीत डंपर चालवते, दोनशे चाळीस टन खडक एका वेळी. माझ्या हातांना मोठं काम कळतं. रेनोचं काम मात्र नखाएवढं. आधी तो पुठ्ठ्यावर रोबोचा एकेक भाग खऱ्या मापाचा आखायचा, म्हणजे आखायला मला लावायचा. मी पुठ्ठा कापायचे, आम्ही तो जोडून बघायचो, मग तो म्हणायचा, "चाक इथं नको, अर्धा इंच मागे. चकती फिरायला लागली की हा पुढून उचलला जाईल." मी परत कापायचे. नोव्हेंबर संपेपर्यंत गॅरेजमध्ये पुठ्ठ्याचे सहा रोबो होते आणि लोखंडाचा एकही नव्हता.

नाव मात्र आधीच ठरलं होतं, अहमा. आमच्या फिनिश आजोबांच्या भाषेत त्या जनावराचं नाव, जे अंगानं कुत्र्याएवढं असतं आणि अस्वलाच्या तोंडचा घास ओढून नेतं.

डिसेंबरात पोलाद आलं. चकती कापून आणली, सांगाडा मी वेल्ड केला. वेल्डिंग मला येतं. त्याबद्दल रेनो फक्त इतकंच बोलला, "कुरूप आहे पण सुटणार नाही." त्याच्याकडून एवढं म्हणजे पदकच. तारांच्या बाबतीत मात्र त्यानं माझे हाल केले.

"हा सांधा बघ. चकाकतोय का?"

"थोडासा."

"थोडासा चकाकणारा सांधा म्हणजे थोडीशी गरोदर बाई. काढ. परत कर."

एकेक सांधा मी तीनतीनदा केला. बेव्ह दारातून डोकावून म्हणायची, "आता कळलं का तीस वर्षं मी काय भोगलं ते?" रेनो म्हणायचा, "एकतीस." त्या दिवसांत आम्ही खूप हसलो, हे मला सांगायलाच हवं. बाहेर उणे तीस, गॅरेजमधला हीटर धडधडत, आणि आम्ही तिघं त्या हातभर यंत्राभोवती.

रोबो कोण चालवणार, हे मात्र कुणी बोलत नव्हतं.

जानेवारीत एका दुपारी चकती काढून ठेवली आणि अहमाला पहिल्यांदा जमिनीवर सोडलं. रिमोट माझ्या हातात होता. सरळ जाणं सोपं होतं. पण रोबो वळून तुमच्याकडे तोंड करतो, तेव्हा त्याचं डावं तुमचं उजवं होतं. मी त्याला भिंतीवर घातलं, मग बाकाच्या पायावर, मग बेव्हच्या बर्फ ढकलायच्या फावड्यावर.

"एवढा मोठा डंपर चालवतेस कसा तू?" रेनो म्हणाला.

"डंपरमध्ये मी आत बसते."

"दे इकडे."

मी दिला. आणि पुढची दहा सेकंद मी जे बघितलं ते मला आयुष्यभर पुरेल. अहमा जागच्या जागी फिरला, बाकाच्या पायांमधून, दोन्ही बाजूंना बोट घालायलाही जागा नसताना, सुळकन निघाला, मागच्या मागे आला, दाराच्या उंबऱ्याशी नेमका थांबला. रेनोचा चेहरा पंचवीस वर्षांनी लहान दिसत होता. मग त्याचा अंगठा हलला. अहमा जागेवर डावी-उजवीकडे थरथरायला लागला, अगदी त्याच्या हातासारखा, त्याच लयीत. रेनोनं थोडा वेळ बघितलं. मग रिमोट बाकावर ठेवला.

"रोज एक तास सराव कर," तो म्हणाला. "चर्चच्या वाहनतळावर जा. तिथं आपटायला काही नाही."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही दुलुथला गेलो. सरोवराकाठच्या एका जुन्या गोदामात स्पर्धा होती. मध्यभागी जाड पारदर्शक प्लास्टिकच्या भिंतींचा पिंजरा, भोवती खुर्च्या, आणि मागे लांब टेबलांवर प्रत्येकाचं दुकान मांडलेलं. सगळे रेनोला ओळखत होते. तो हात खिशात घालून सगळ्यांशी बोलत होता. "यंदा बहीण चालवणार आहे," तो सांगायचा. "मला कंटाळा आला."

सकाळी तपासणी झाली. वजन एकोणतीस पौंड आणि थोडं. मुख्य पंच मर्ल नावाचा एक दाढीवाला माणूस होता. त्यानं चकती फिरवायला लावली आणि रिमोट बंद करायला सांगितला. चकती दोन क्षणांत थांबली. हीच सगळ्यात महत्त्वाची परीक्षा. रिमोटचा आणि रोबोचा संपर्क तुटला, तर रोबोनं स्वतःहून मेल्यासारखं पडायला हवं. त्यासाठी आतल्या रिसीव्हरवर तांदळाच्या दाण्याएवढं एक बटण असतं. ते तीन सेकंद दाबून धरायचं. दिवा दोनदा लुकलुकला की रिसीव्हर ते शिकला. नाही शिकवलं, तर तो शेवटचा हुकूम धरून बसतो. मर्लनं अहमावर पास झाल्याचं हिरवं स्टिकर लावलं.

पहिली लढत हातोडा मारणाऱ्या एका रोबोशी होती. रेनो माझ्या खांद्यामागे उभा होता. "थांब. येऊ दे त्याला. आता डावीकडे. तुझ्या नाही, त्याच्या डावीकडे." चकतीनं हातोड्याची दांडी पकडली आणि हातोडा पिंजऱ्याच्या छताला लागून खाली आला. तो रोबो जागचा हलेना. मर्लनं दहा आकडे मोजले. आम्ही जिंकलो. रेनोनं माझ्या पाठीत गुद्दा मारला, लहानपणी मारायचा तसा. वर खुर्च्यांमध्ये बेव्ह विणकाम हातात धरून उभी होती.

टेबलावर येऊन झाकण उघडलं, तर हादऱ्यानं रिसीव्हरला तडा गेला होता. दुसरी लढत वीस मिनिटांवर होती. रेनोजवळ जादा रिसीव्हर होता. तारा मी जोडल्या. सांधे चकाकत होते.

"बटण मी दाबतो," रेनो म्हणाला.

मी रिमोट चालू धरला. तो अहमावर वाकला. त्याची पाठ माझ्याकडे होती. मला त्याची कोपरं दिसत होती, दोन्ही टेबलाला टेकवलेली, आणि खांदा हलताना दिसत होता. बराच वेळ गेला. कर्ण्यावरून आमचं नाव पुकारलं.

"झालं," तो म्हणाला.

रिसीव्हर बदलला की मर्लला परत दाखवायचं, हा नियम आहे. मला माहीत होतं, त्याला तर होतंच. मर्लसमोर चारपाच जणांची रांग होती. "दाखवून येऊ का?" एवढं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी तसं म्हटलं असतं, तर त्याचा अर्थ एकच झाला असता, आणि तो त्याला कळला असता. मी झाकण लावलं. स्क्रू आवळले.

समोर फार्गोची नडीन प्रोचास्का होती. चाळिशीची, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करणारी. तिच्या रोबोचं नाव पॅनकेक. तसाच चपटा, जमिनीला चिकटून चालणारा, आणि खालून हात घालून समोरच्याला उलटवणारा. चौदा महिने लागले म्हणाली. पिंजऱ्याशी उभं राहताना तिनं माझ्याशी हात मिळवला. तिची बोटं माझ्या बोटांपेक्षा थंड होती.

पहिलं मिनिट बरोबरीचं गेलं. मग पॅनकेकनं आम्हाला उचललं, अहमा भिंतीवर आदळला, आणि परतताना माझ्या चकतीनं त्याची कड धरली. ठिणग्या उडाल्या. पॅनकेकचं एक चाक गेलं, मग दुसरं. तो जागेवर बसला. मर्लनं मोजायला सुरुवात केली आणि मी कळ खाली ओढली.

चकती थांबली नाही.

मी परत ओढली. रिमोटच बंद केला. अहमा तसाच गोल फिरत राहिला, पूर्ण वेगात, आणि प्रत्येक फेरीला पॅनकेकवर येऊन आदळत राहिला. त्याच्या अँटेनाची तार तुटून बाहेर लोंबत होती.

"थांबव," नडीन म्हणाली. आधी साध्या आवाजात. "मी हरले, थांबव आता."

"बंद आहे," मी म्हटलं आणि रिमोट तिला दाखवला. दुसरं काय करणार होते? "बंद केलाय मी."

पिंजऱ्याचं दार कुणी उघडू शकत नाही. आत चकती फिरत असेल तर कुणीच नाही, कशासाठीही नाही. फक्त बॅटरी संपायची वाट बघायची. आमच्या बॅटऱ्या चांगल्या होत्या. रेनोनं निवडलेल्या होत्या.

पॅनकेकचं झाकण उडालं. मग आतल्या मोटारी एकेक करून बाहेर आल्या. हिरव्या तारा, पितळी दाते, एक छोटा पंखा. नडीननं दोन्ही तळवे भिंतीला लावले होते आणि ती बघत होती. मर्लनं पुढच्या दोन रांगा रिकाम्या करायला लावल्या, कारण भिंतीला एका ठिकाणी पांढरी भेग दिसायला लागली होती.

रेनो दाराकडे चालायला लागला. घाई नव्हती त्याच्या चालण्यात. त्यानं कडीवर हात ठेवला, तेव्हा मर्लनं त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"रेनो. नाही."

"माझा आहे तो."

"माहीत आहे मला."

"बाजूनं गेलो तर मागून पकडता येईल. मी बनवलाय, मला माहीत आहे कुठे पकडायचं ते."

"कुणीही आत जाणार नाही," मर्ल म्हणाला. आणि मग त्याची नजर खाली गेली, स्वतःच्या हाताखाली थरथरणाऱ्या त्या हातावर. त्यानं हात काढला नाही. दोघं तसेच उभे राहिले.

पावणेपाच मिनिटं. नंतर कुणीतरी चित्रणावरून मोजली. शेवटी अहमाच्या पोटातून पांढरा धूर आला, चाकं थांबली, आणि चकती आणखी थोडा वेळ नुसत्या वेगानं फिरून हळूहळू मंदावली.

नडीन आमच्या टेबलाशी आली. तिच्या हातात एक चाक होतं. का उचललं होतं कोण जाणे.

"रिसीव्हर शिकवलेला होता का?" तिनं विचारलं.

रेनो माझ्याकडे बघत होता. खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. ते आपसूक आलं. "बदलताना माझ्याकडून राहिलं," मी म्हटलं. "चूक माझी."

मी वाट बघितली. तो काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. तो बोलला नाही. नडीननं मान हलवली आणि गेली. मर्लनं आम्हाला वर्षभरासाठी बाद केलं, कागदावर सही माझी घेतली. सही घेताना तो माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला.

परतीच्या वाटेवर गाडी बेव्ह चालवत होती. घरी पोचल्यावर बेव्ह म्हणाली, "जेवून जा." मी म्हटलं, "नको." रेनो आधीच आत गेला होता.

त्यानंतर गॅरेज बंदच राहिलं. मी जायचे, बेव्हशी बोलायचे, रेनो खिडकीशी बसलेला असायचा. त्याची पावलं आखूड झाली होती. हवेवर बोलायचा, खाणीत कुणाला कमी केलं ते विचारायचा. मला राग आला होता का? आला होता. पण ज्याच्यावर यायचा तो माणूस समोर बसून शर्टाचं बटण लावायला चार मिनिटं घेत होता. आणि आपण मदत केली तर त्याला लागेल, नाही केली तर आपल्याला बघवत नाही. मग मी खिडकीबाहेर बघायचे.

एप्रिलमध्ये त्याचा स्वतःहून फोन आला. "रविवारी ये. मला एक पत्र लिहायचंय."

त्याचं अक्षर मुंगीएवढं झालं होतं. बेव्हला भिंगातूनही लागत नव्हतं. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसले.

"लिही. मिस प्रोचास्का यांना."

लिहिलं.

"त्या दिवशी रिसीव्हर माझ्या बहिणीनं बदलला. पण बटण मी दाबलं. दिवा दोनदा लुकलुकायला हवा होता. तो एकदाच लुकलुकला." तो थांबला. "मी ते बघितलं होतं."

माझा हात थांबला.

"बघितलं होतंस तू?"

"लिही आधी."

"रेनो, तू म्हणालास झालं."

"माझं बोट राहत नव्हतं त्याच्यावर. चार वेळा निसटलं." तो टेबलाच्या कडेकडे बघत बोलत होता. "पाचव्यांदा दाबलं असतं तर तू पुढे आली असतीस. म्हणाली असतीस, सरक, मी करते. सगळ्यांसमोर."

"म्हणाले असते."

"माहीत आहे."

बेव्ह ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिनं नळ बंद केला. मी लिहिलं, दिवा एकदाच लुकलुकला आणि मी ते बघितलं होतं. मग खाली माझ्या मनानं आणखी एक ओळ घातली, की मला शंका आली होती आणि मी विचारलं नाही.

"काय लिहितेस?" रेनोनं विचारलं. मी वाचून दाखवलं.

"ते घालायची गरज नाही. पत्र माझं आहे."

"हात माझा आहे."

त्यानं सही स्वतः केली. ती दिसलीच नाही जवळजवळ.

मी म्हणणार नाही की त्या पत्रानं काही सुटलं. मर्लला दुसरं पत्र गेलं. बंदी रेनोच्या नावावर फिरली, आणि तसाही तो आता कुठे जाणार नव्हता. तीन आठवडे फार्गोहून काही आलं नाही. मग एक पोस्टकार्ड आलं. माफ केलं असं त्यात नव्हतं. इतकंच होतं की तिनं पॅनकेकचे तुकडे अजून टाकलेले नाहीत, आणि अहमाची चकती एवढं सगळं कापूनही बोथट कशी झाली नाही, पोलाद कोणतं होतं, पाणी कसं दिलं होतं, ते कळवाल का.

रेनोनं कार्ड दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "कागद घे."

चकतीबद्दल त्याला खूप सांगायचं होतं. किती तापवायची, रंग कोणता दिसला की तेलात घालायची, किती वेळ. पण हिवाळ्यापासून त्याचा आवाजही खाली गेला होता. डॉक्टर म्हणतात ते त्याच दुखण्याचं आहे. वाक्याच्या सुरुवातीला ऐकू येतो आणि शेवटापर्यंत विरून जातो. आकडे नेमके शेवटी येत होते. मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली, तरी आकडे निसटत होते. पूर्वीसारखी असते तर अंदाजानं लिहून मोकळी झाले असते.

"ऐकू नाही आलं," मी म्हटलं. "परत सांग."

त्यानं श्वास घेतला आणि परत सांगितलं. आकडा परत विरला.

"परत."

त्याचे ओठ हलले. या वेळी मला तो ऐकू आला की मी तो ओठांवरून वाचला, सांगता येणार नाही. मी लिहिला, कागद फिरवून त्याच्यासमोर धरला, आणि तो बरोबर आहे का ते त्यानं बघेपर्यंत थांबले. त्याला वेळ लागला.